बडोद्यात राहून सामाजिक संशोधनासाठी फेलोशिप कशी मिळवावी

बडोद्यातल्या मराठी घरांत फेलोशिपचा विषय निघाला की पहिली नावं येतात सारथी आणि बार्टीची, कारण मराठी पेपरांत बातम्या त्यांच्याच येतात. पण या महाराष्ट्र शासनाच्या संस्था. त्यांच्या फेलोशिपला महाराष्ट्राचा रहिवासी दाखला लागतो. दांडिया बाजारात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याकडे तो कुठून असणार? तेव्हा सर्वांत आधी आपले दाखले कोणत्या राज्याचे आहेत ते पाहा. ओबीसींची यादी राज्याप्रमाणे बदलते, हेही ध्यानात ठेवा. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर हे काम जाहिरात येण्याआधीच उरका.

मग नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून (नेट) मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ). परीक्षा एरवी वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रात होते. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे. महिलांना आणि आरक्षित वर्गांना ५ वर्षांची सवलत मिळते. जानेवारी २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० आणि सीनियर फेलो झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. वय बसत असेल तर पहिला जोर इथेच लावा.

ते जमलं नाही तरी वाट बंद होत नाही. गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेत पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्यांना महिना १५,००० रुपये मिळतात. सयाजीराव विद्यापीठात प्रवेश घेतलेल्यांनी ती जरूर पाहावी. दुसरी वाट दिल्लीच्या आयसीएसएसआरची, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेल्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची. तिच्या डॉक्टरल फेलोशिपसाठी पीएचडीची नोंदणी आधी झालेली असावी लागते.

अशा फेलोशिपची खरी निवड होते ती संशोधनाच्या प्रस्तावावर, आणि तिथेच बहुतेक अर्ज कच्चे राहतात. ‘बडोदा संस्थानातील स्त्रीशिक्षण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा. मग सक्ती असूनही एखाद्या तालुक्यात मुली शाळेतून का गळत होत्या? कोणत्या जातींतल्या, कोणत्या वयाच्या? हा प्रश्न संशोधनाचा. त्याखाली साधनं नावानिशी लिहा: संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल, दप्तरातले कागद, घरोघरच्या मुलाखती. मोडी वाचता येत असेल तर अभ्यासपद्धतीच्या परिच्छेदात ते ठळकपणे सांगा. गायकवाडी दप्तरात मोडी कागद भरपूर आहेत आणि ते वाचू शकणारे अर्जदार फार थोडे. हे आपलं बळ आहे, ते बायोडेटाच्या तळाशी दडवू नका. शेवटी कोणत्या महिन्यांत काय करणार, याचं वेळापत्रक जोडा.

हा प्रस्ताव जाहिरातीची वाट न बघता लिहून, मार्गदर्शकांकडून तपासून तयार ठेवा. मुदत थोडी असते आणि विभागप्रमुखांची सही, विद्यापीठाचं पत्र यांतच दिवस जातात.

अर्ज भरताना अटी शब्दन्‌शब्द वाचा. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर १० वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. आजच्या अटी वेगळ्या आहेत: एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, प्रगती अहवाल वेळेवर द्यावा लागतो. कंटिंजन्सीच्या, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांतून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाचं, झेरॉक्सचं, प्रवासाचं बिल स्वतःच्या नावाने आणि तारखेसह घ्या आणि त्याच दिवशी फाइलला लावा. हिशेब अपुरा राहिला की पुढचा हप्ता अडकतो.