टर्बो गाडीसाठी कॅम निवडताना: सोलापुरात शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

यंत्रमागाच्या घरात वाढलेल्यांना कॅम (फिरता फिरता ठरावीक क्षणी ढकलणारा उंचवटा) म्हणजे काय हे नव्याने सांगावं लागत नाही. मागाचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा खालचा शाफ्ट एकदा फिरतो आणि त्याच्यावरचा टॅपेट नेमक्या क्षणी धोट्याला मार देतो. मार उशिरा बसला तर धोटा पलीकडच्या पेटीत पोचायच्या आत ताण्याचे धागे मिटतात आणि तो मध्येच अडकतो. इंजिनातही क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी. इथे कॅम हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडतो; वेळ चुकली तर धाग्यांऐवजी हे व्हॉल्व्ह वाकतात.

कॅम ही या शहराचीच वस्तू आहे. १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. आयटीआय, डिप्लोमा किंवा वालचंद इन्स्टिट्यूटमधून मेकॅनिकल करणाऱ्याचा हात कॅमच्या ओतकामाला, ग्राइंडिंगला किंवा तपासणीला लागण्याची शक्यता इथे खूप जास्त. पण कॅम बनवणं आणि एखाद्या इंजिनासाठी कॅम निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोज आसरा चौकातून कामाला जाणारी आणि वर्षातून दोनेक वेळा ड्रॅगला (सरळ पट्टीवरच्या शर्यतीला) उतरणारी चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हची टर्बो पेट्रोल गाडी समोर ठेवून हे दुसरं काम पाहू.

नवशिक्याची पहिली चूक कॅमचं कार्ड वाचतानाच होते. कार्डावर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो), ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो) आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबांमधला, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधला कोन) असे तीन आकडे ठळक असतात. त्यातलं ड्युरेशन किती लिफ्टला मोजलंय हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजला तर २६४ अंश भरणारा कॅम १ मिमी लिफ्टला २२० च्या आसपास भरू शकतो. दोन कंपन्यांचे कॅम ताडून पाहायचे तर दोन्ही आकडे एकाच लिफ्टचे हवेत. ते मिळत नसतील तर त्या कॅमवर पैसे घालू नका.

आता मुख्य मुद्दा. टर्बो गाडीचा कॅम एक्झॉस्टमधला दाब बघून निवडायचा असतो. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहिले, म्हणजे ओव्हरलॅप ठेवला, तर बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला ओढून घेतो आणि जास्त आरपीएमला ताकद वाढते. टर्बोत त्या धुराच्या वाटेत टर्बाइन, म्हणजे धुराने फिरून हवा भरणारा पंप चालवणारी चक्री, उभी असते. बूस्ट (टर्बोने वाढवलेला इनटेकचा दाब) १ बार असताना टर्बाइनच्या आधी २ बार दाब साचला असेल, तर ओव्हरलॅपच्या त्या क्षणी धूर उलटा फिरून इनटेकमध्ये घुसतो. सिलिंडरमध्ये गरम, जळलेला वायू उरतो, ताजी हवा कमी भरते आणि नॉक (मिश्रणाचा अवेळी भडका) लवकर येतो. मे महिन्यात सोलापूरची हवा ४२ अंशांवर असते आणि टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर आधीच धापा टाकत असतो, तेव्हा तर हे फार महागात पडतं.

म्हणून कॅमच्या आधी तो दाब मोजा. मॅनिफोल्डवर टर्बाइनच्या आधी एक अष्टमांश इंचाचा थ्रेडेड बंग (आट्यांचा लहान जोड) वेल्ड करून घ्या. त्याला अर्धा-पाऊण मीटर स्टीलची बारीक नळी गुंडाळी करून जोडा, म्हणजे गेजपर्यंत पोचेतो वायू थंड होईल. पूर्ण थ्रॉटलला, रेडलाइनच्या जवळ, बूस्ट आणि हा दाब एकाच वेळी नोंदवा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर थोडा ओव्हरलॅप चालतो. एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या दीडपट किंवा त्याहून वर गेला तर ओव्हरलॅप कमी ठेवा आणि लोब सेपरेशन ११२ ते ११६ च्या पट्ट्यात. दाब दुपटीला टेकला असेल तर कॅमचा विचार बाजूला ठेवून आधी टर्बाइन हाउसिंग मोठं करा. माझ्या मते या टप्प्यावर कॅमवर खर्च केलेले पैसे वाया जातात.

दोन कॅम आकड्यांनिशी पाहू, दोन्ही १ मिमीला मोजलेले. पहिला: इनटेक २२०, एक्झॉस्ट २१८, इनटेकची मध्यरेषा (लोब सर्वांत वर असतानाचा क्रँकचा कोन) टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याच्या क्षणानंतर ११२, एक्झॉस्टची टीडीसीआधी ११४. लोब सेपरेशन म्हणजे या दोहोंची सरासरी, ११३. ओव्हरलॅप काढायचा तर दोन ड्युरेशनची सरासरी घ्या आणि त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा करा: २१९ वजा २२६, म्हणजे उणे ७ (१ मिमीच्या वर दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे नसतात). इनटेक व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली येऊन गेल्यावर) ४२ अंशांवर मिटतो (११२ अधिक ११०, वजा १८०). दुसरा: इनटेक २३६, एक्झॉस्ट २३२, मध्यरेषा १०८ आणि ११२, सेपरेशन ११०. ओव्हरलॅप २३४ वजा २२०, म्हणजे १४. इनटेक मिटतो ४६ अंशांवर.

इथे थांबून नीट बघा. दुसऱ्या कॅमचं इनटेक ड्युरेशन १६ अंशांनी जास्त आहे, पण व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ फक्त ४ अंशांनी पुढे गेली. वाढलेल्या ड्युरेशनचा मोठा भाग ओव्हरलॅपमध्ये गेला, म्हणजे टर्बोला जिथे वाढ अजिबात नको होती तिथे. लहान टर्बोच्या रोजच्या गाडीला पहिला कॅम बरोबर. दुसरा बसवला तर बूस्ट उशिरा येतो, आयडलिंग हलतं, ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कमी पडतो आणि सात रस्त्याच्या गर्दीत ब्रेक पेडल जड लागतं. शिवाय ओव्हरलॅपमुळे न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपर्यंत पोचतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मिश्रण पातळ वाटतं आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो. ट्यूनर इंजेक्टरला दोष देत बसतो, मूळ कारण कॅम असतं.

ड्रॅगसाठी आणखी एक हिशेब. गिअर बदलल्यावर आरपीएम किती खाली येतो ते लिहून काढा. ७००० ला बदलून ४८०० ला येत असेल तर कॅमने ४८०० ते ७००० हा पट्टा भरायला हवा. टर्बोचा दम ६५०० ला संपत असेल तर ८००० चा कॅम घेऊन काही मिळत नाही.

एसओएचसी (हेडवर एकच कॅमशाफ्ट असलेल्या) इंजिनात दोन्ही लोब एकाच शाफ्टवर असल्याने सेपरेशन घासतानाच कायमचं ठरतं. अ‍ॅडजस्टेबल पुलीने सगळं मिळून फक्त पुढे-मागे करता येतं. डीओएचसीत (दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात) दोन पुल्या असल्या तर सेपरेशनही हलवता येतं, म्हणून शिकायला डीओएचसी इंजिन चांगलं.

स्प्रिंगकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ३४ मिमी व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीचं क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस सेंमी. त्यावर १.५ बार बूस्ट म्हणजे साधारण १४ किलो जोर, व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने. स्प्रिंगचा सीटवरचा जोर २५ किलो असेल तर हातात उरले ११. जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह सीटवर उसळतो, गाडी एका ठरावीक आरपीएमला तुटक चालते आणि माणसं प्लग बदलत राहतात. नव्या लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायच्या आधी किमान १ मिमी जागा उरली पाहिजे, आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व व्हॉल्व्ह सील यांच्यात दीड मिमीच्या आसपास.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मोजल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. शाळेच्या दुकानातली मुलांची प्लॅस्टिकची माती पिस्टनच्या खाचांवर थापा, वर तेलाचा हलका हात फिरवा, जुनं गॅस्केट घालून हेड आवळा, टॅपेटचं अंतर (इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट) शून्यावर आणा आणि क्रँक पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मध्ये कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड उतरवलं की मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा दिसतो. तेलात बुडवलेल्या ब्लेडने तो मधोमध कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियरच्या मागच्या दांडीने जाडी घ्या. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. एक्झॉस्टला जास्त का? तो व्हॉल्व्ह तापून लांबतो, आणि स्प्रिंग तरंगली, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेत मिटवू शकली नाही, तर पिस्टन त्याचाच पाठलाग करत वर येत असतो. पुली हलवून टायमिंग बदलायचा विचार असेल तर त्या दोन्ही टोकांना हीच तपासणी पुन्हा करा.

मग डिग्रीइंग, म्हणजे कॅम कार्डाप्रमाणे बसलाय का ते अंशांत तपासणं. डिग्री व्हील (अंश कोरलेली चकती) क्रँकला लावा, पिस्टन स्टॉपने (पिस्टनला वर जाताना अडवणाऱ्या बोल्टने) टीडीसी शोधा. एका बाजूने अडल्यावर २८ आणि उलट फिरवून अडल्यावर ३२ आलं तर काटा २ अंश सरकवा, म्हणजे दोन्हीकडे ३० येईल. डायल गेज इनटेकच्या टॅपेटवर व्हॉल्व्हच्या रेषेत उभा करा. तिरका डायल खोटं सांगतो. लोबच्या नाकावर काटा काही अंश जागचा हलतच नाही, म्हणून मध्य डोळ्यांनी धरता येत नाही. कमाल लिफ्टच्या १.२७ मिमी खाली, चढताना आणि उतरताना, असे दोन कोन टिपा. ९६ आणि १३२ आले तर मध्यरेषा ११४. कार्ड ११२ म्हणतं, म्हणजे कॅम क्रँकच्या हिशेबाने २ अंश मागे आहे. पुलीवरच्या रेघा कॅमच्या अंशांत असतील तर १ रेघ पुढे, क्रँकच्या असतील तर २. हे न तपासल्याने दुप्पट सरकवलेले कॅम पुष्कळ दिसतात. वाचन नेहमी इंजिन चालण्याच्या दिशेनेच फिरवत घ्या, नाहीतर बेल्टचा सैलपणा आकड्यात शिरतो.

जुना कॅम पुन्हा घासून घेणं स्वस्त पडतं, पण त्याची मर्यादा सोलापूरच्या मुलाने तरी ओळखायला हवी. चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅममध्ये ओतताना साच्यात लोबच्या जागी लोखंडी चिल ठेवलेले असतात. तिथला रस झटकन गोठतो आणि कठीण पांढरं लोखंड तयार होतं. हा कठीण थर काही मिलिमीटरच असतो. जास्त घासलं की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि लोब झिजत जातो. बेस सर्कलही (लोबचा गोल, न उचलणारा भाग) लहान होतं, त्यामुळे बकेटखाली (लोब ज्याला दाबतो त्या वाटीखाली) जाड शिम, म्हणजे चकत्या लागतात. घासून आलेल्या कॅमच्या प्रत्येक लोबची हार्डनेस तपासा, निळसर जळके डाग आणि केसासारखी चीर शोधा.

कॅमच्या कारखान्यात प्रशिक्षणाला लागलात तर तपासणी विभागात काही दिवस मागून घ्या. तिथे दर अंशाला लिफ्टचा तक्ता निघतो. तो कसा वाचायचा हे शिका आणि एखाद्या सामान्य लोबसाठी इनटेक आणि एक्झॉस्टचे दोन आलेख स्वतः एका पानावर काढा. ओव्हरलॅप डोळ्यांना दिसतो, मग सूत्र पाठ करावं लागत नाही. कारखान्याचे तक्ते मात्र बाहेर नेऊ नका.

चाचणी पुणे रस्त्यावर किंवा विजापूर रस्त्यावर करू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि मूळ रचनेत केलेले बदल कलम ५२ खाली येतात. आधी डायनो (ताकद मोजणारं यंत्र), मग परवानगी असलेली बंद धावपट्टी.

पहिल्यांदा सुरू करताना लोबना मॉलीची पेस्ट लावलेली असू द्या. फ्लॅट टॅपेट कॅम असेल तर झिंकयुक्त तेल घाला आणि पहिली २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमच्या मध्ये ठेवा. आयडलवर सोडू नका, कारण कमी वेगात लोबवर तेल कमी उडतं. पेट्रोलचा दाब आणि इग्निशन टायमिंग आधीच जुळवून ठेवा, म्हणजे नुसता स्टार्टर मारत पेस्ट पुसली जाणार नाही. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चकाकणारा चुरा आहे का पाहा. ५०० किमीनंतर थंड इंजिनावर फिलर गेजने सोळाही टॅपेटची अंतरं पुन्हा घ्या आणि पहिल्या नोंदीशेजारी लिहा. एखाद्याच व्हॉल्व्हचं अंतर वाढलेलं दिसलं, तर त्याचा लोब किंवा टॅपेट झिजतोय. गाडी तिथेच थांबवा आणि कॅम बाहेर काढा.