इंग्रजीतलं ‘वर्क’ नीट कसं वापरावं

‘आय हॅव अ वर्क.’ मराठी माणसाच्या इंग्रजीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणं समोरच्याला कळतं, पण वाक्य चुकलेलं असतं. चूक अर्थाची नसते, कारण ‘वर्क म्हणजे काम’ हे पहिलीपासून पाठ असतं. चूक मोजणीची असते. मराठीत आपण कामं सर्रास मोजतो: बँकेत एक काम आहे, आज तीन कामं उरकली. इंग्रजीतलं वर्क मात्र बहुतेक वेळा मोजता येत नाही. एवढी एक गोष्ट पक्की झाली की या शब्दाच्या निम्म्याहून जास्त चुका आपोआप थांबतात, म्हणून तिच्यावर आधी वेळ घालवा.

पहिली पायरी: काम या अर्थाने वर्क वापरताना त्याच्या आधीचा ‘अ’ आणि शेवटचा ‘एस’ काढून टाका. ‘आय हॅव सम वर्क’, ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे’ ही बरोबर वाक्यं. नकारात आणि प्रश्नात ‘मच’ येतं: ‘देअर इझन्ट मच वर्क लेफ्ट.’ ‘मेनी वर्क्स’ किंवा ‘फ्यू वर्क्स’ इथे चालत नाही. काम कमी असेल तर ‘लेस वर्क’. कामं कितीही असोत, क्रियापद एकवचनीच राहतं: ‘ऑल द वर्क इज डन.’ काम ‘करणं’ यासाठी ‘डू’ हे क्रियापद घ्या, ‘मेक’ नको.

दुसरी पायरी: मोजायचंच असेल तर शब्द बदला. ‘बँकेत तीन कामं आहेत’ यासाठी ‘आय हॅव थ्री थिंग्ज टू डू ॲट द बँक’ हे सगळ्यात सहज. ऑफिसात वाटून दिलेलं एकेक काम म्हणजे ‘टास्क’. दळण आणणं, बिल भरणं, औषध घेऊन येणं अशा बाहेरच्या किरकोळ कामांना ‘एरंड्स’ म्हणतात: ‘आय हॅव टू रन सम एरंड्स.’ हा शब्द आपल्याकडे फार कमी शिकवला जातो आणि रोज लागतो. नोकरीसाठी ‘जॉब’, आणि तो मोजता येतो: ‘शी हॅज अ जॉब’, ‘ही वर्क्स टू जॉब्ज’. दुसऱ्या वाक्यातलं ‘वर्क्स’ हे क्रियापद आहे, तिथला ‘एस’ नामाचा नाही. हे दोन ‘एस’ वेगळे ओळखता आले पाहिजेत.

आता मराठीतल्या त्या जागा, जिथे ‘काम’ येतं पण इंग्रजीत वर्क येतच नाही. कुणाच्या दारात उभं राहून आपण म्हणतो, ‘काका, तुमच्याकडे एक काम होतं.’ इथे आपल्याला मदत मागायची असते. इंग्रजीत ‘कॅन आय आस्क यू अ फेवर?’ असं विचारा. ‘तुझं इथे काय काम?’ याला ‘व्हॉट आर यू डूइंग हिअर?’ पुरे. ‘मी कामात आहे’ म्हणजे ‘आय ॲम बिझी’. आणि ‘मी कामावर आहे’ म्हणजे ‘आय ॲम ॲट वर्क’. कामात आणि कामावर हा फरक मराठीत जितका स्पष्ट आहे तितकाच इंग्रजीतही आहे, त्यामुळे तो लक्षात ठेवणं आपल्याला सोपं जावं.

तिसरी पायरी म्हणजे वर्कच्या आधी येणारे छोटे शब्द. ‘ॲट वर्क’ कामाच्या ठिकाणी, ‘टू वर्क’ कामाला (‘शी हॅज गॉन टू वर्क’), ‘आउट ऑफ वर्क’ बेकार. यांत कुठेही ‘द’ घालू नका. रस्त्याच्या कडेला ‘काम चालू आहे’च्या जोडीला ‘वर्क इन प्रोग्रेस’ लिहिलेलं असतं, तिथेही ‘अ’ नाही, ‘द’ नाही.

मग ‘अ वर्क’ आणि ‘वर्क्स’ पूर्ण चूकच का? नाही, पण त्यांचे अर्थ वेगळे. चित्र, शिल्प, ग्रंथ, संगीतरचना अशी निर्मिती मोजता येते: ‘अ वर्क ऑफ आर्ट’. एखाद्या लेखकाचं समग्र वाङ्मय म्हणजे ‘कंप्लीट वर्क्स’. दुसरा अर्थ बांधकामाचा. आपला सार्वजनिक बांधकाम विभाग इंग्रजीत ‘पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट’ आहे, आणि या नावाचं खातं भारतात डलहौसीच्या काळात, १८५४ मध्ये सुरू झालं. निविदेत ‘सिव्हिल वर्क्स’ लिहिलेलं दिसतं ते याच अर्थाने आणि ते बरोबर आहे. तिसरा अर्थ कारखाना. कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील बनवणारा कारखाना १९१६ मध्ये उभा राहिला, त्याचं नाव ‘ओगले ग्लास वर्क्स’. कारखाना एकच, तरी शेवटी ‘एस’. या अर्थी शब्दाचं रूपच तसं आहे.

जोडशब्दांत गोंधळ होतो तो मुख्यतः ‘होमवर्क’ आणि ‘हाउसवर्क’ यांत. होमवर्क म्हणजे शाळेचा गृहपाठ. झाडलोट, धुणंभांडी म्हणजे हाउसवर्क. ‘माय मदर डझ होमवर्क’ म्हटलं तर आई अभ्यासाला बसली असा अर्थ होईल. पेपरवर्क, टीमवर्क हेही मोजता येत नाहीत. ‘नेटवर्क’ आणि ‘फ्रेमवर्क’ मात्र मोजता येतात, कारण ती कामं नसून रचना आहेत: ‘टू नेटवर्क्स’ बिनधास्त लिहा.

शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश उघडा आणि शब्दापुढचं अक्षर बघा. ‘यू’ असेल तर मोजता न येणारं नाम, ‘सी’ असेल तर मोजता येणारं. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत असताना परक्या भाषकांची नेमकी हीच अडचण त्यांच्या लक्षात आली, आणि १९४२ मध्ये टोकियोत निघालेल्या त्यांच्या कोशात नामांचा हा भेद दाखवलेला होता. इंग्रजी-मराठी छोट्या कोशात ही खूण बहुधा सापडत नाही, म्हणून जाड इंग्रजी कोशाचा कंटाळा करू नये. एकाच शब्दाला ‘यू’ आणि ‘सी’ दोन्ही लावलेले दिसतील. तेव्हा कुठलं अक्षर कुठल्या अर्थापुढे आहे ते वाचा.

आता ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढची उत्तरं बघा. ‘आज खूप काम आहे.’ ‘बाबा कामाला गेलेत.’ ‘मला दोन कामं आहेत.’ ‘हे शिल्प म्हणजे एक थोर कलाकृती आहे.’

‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क टुडे.’ ‘डॅड हॅज गॉन टू वर्क.’ ‘आय हॅव टू थिंग्ज टू डू.’ ‘धिस स्कल्प्चर इज अ ग्रेट वर्क ऑफ आर्ट.’ तिसरं वाक्य चुकलं असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचा आणि उद्याच्या कामांची यादी इंग्रजीत लिहून काढा, ‘वर्क’ हा शब्द न वापरता.