सातशेव्या नंबरची वही: फ्यूचर्स खेळणाऱ्या पोराचं वर्ष कसं आखायचं

माझा धाकटा भाऊ टेनिसमध्ये जगात सहाशे ऐंशीच्या आसपास आहे. नातेवाइकांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "मग टीव्हीवर कधी दिसणार?" नाही दिसणार. तो खेळतो त्या कोर्टाशेजारी पुढच्या मॅचचे दोन खेळाडू बसलेले असतात आणि कधीकधी एखादं मांजर. मी सांगलीत एका करसल्लागारांकडे काम करते, आणि गेली सहा वर्षं त्याच्या एंट्र्या, व्हिसे आणि हिशेबाची वही माझ्याकडे आहे. "ज्युनियर संपलं, आता प्रो कसं सुरू करायचं?" असं विचारायला ओळखीतल्या पालकांचे फोन येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते. फोरहँडचं काय ते कोचला विचारा.

आधी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, साइटवर आयपिन (खेळाडूचा नोंदणी क्रमांक) काढा. त्याची फी दरवर्षी भरायची असते. ते झालं की तुमच्या आयुष्यात गुरुवार येतो. सोमवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेची एंट्री अठरा दिवस आधी, गुरुवारी, ग्रीनिच वेळेनुसार दुपारी दोनला बंद होते. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. एकाच आठवड्यासाठी अनेक स्पर्धांना पसंतीचा क्रम लावून नाव देता येतं. यादी लागली की कुठे मेन ड्रॉ (मुख्य स्पर्धा), कुठे क्वालिफाइंग (त्याआधीच्या पात्रता फेऱ्या) आणि कुठे नुसताच अल्टरनेट (प्रतीक्षा यादीत) ते कळतं. नाव काढून घ्यायचं असेल तर त्यानंतरचा मंगळवार, वेळ तीच. 2022 साली दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन नेमकं गुरुवारी आलं. आरती, घाट, खिरापत उरकून मी घरी आले तेव्हा आठ वाजले होते. त्याचा तो आठवडा गेला. भाऊ काही बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या फोनवर दर गुरुवारी पाच वाजता गजर आहे, आणि आईच्या फोनवर सहाला.

आता पैसे. सगळ्यात खालची पायरी म्हणजे एम-15, एकूण बक्षीस 15,000 डॉलर. लोक अजून त्याला फ्यूचर्सच म्हणतात. एकेरीत मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलात तर 156 डॉलर, दुसरीत 258, क्वार्टरला 438, आणि जिंकलात तर 2,160. त्यातून त्या त्या देशाचा कर कापला जातो. क्वालिफाइंगमध्ये हरलात तर काहीच नाही, वर एंट्री फी गेली. मेन ड्रॉची पहिली मॅच जिंकली की एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) जागतिक क्रमवारीचा 1 पॉइंट, स्पर्धा जिंकली तर 15. आणि हे पॉइंट ठेवीसारखे जपून राहत नाहीत, 52 आठवड्यांनी गळतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात सेमी मारली त्या आठवड्यात यंदा ताप आला, तर नंबर घसरणारच.

आमच्या वहीतला एक आठवडा जसाच्या तसा देते. ठिकाण मोनास्तिर, ट्युनिशिया. एकेरीत दुसरी फेरी, 258 डॉलर. दुहेरीत सेमी, जोडीला 324, म्हणून याच्या वाट्याला 162. मिळून 420 डॉलर, कर धरायच्या आधी साधारण 35,000 रुपये. हॉटेल, जेवणासकट, खोलीत दोघं राहून: 31,000. विमानाचं तिकीट 62,000, ते तीन आठवड्यांत वाटलं तर 20,700. गटिंग (रॅकेटच्या तारा बदलून ताणणं) आणि किरकोळ 3,000. वजाबाकी करा. जवळजवळ 20,000 खिशातून गेले, आणि हा आमचा *चांगला* आठवडा होता.

म्हणून पहिला नियम: एका आठवड्यासाठी परदेशी जायचं नाही. मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख अशा ठिकाणी एकाच रिसॉर्टवर ओळीने आठवडेच्या आठवडे स्पर्धा लागतात. तिकीट एकदाच, खोली तीच, कोर्ट सवयीचं. सोमवारी हरलात तर पुढच्या सोमवारपर्यंत तिथेच सराव करता येतो. पोरं कंटाळतात, महिनाभर तोच पास्ता खातात. कंटाळू दे. मोनास्तिरला हार्ड कोर्ट आणि अंताल्याला क्ले, म्हणजे मातीचं, एवढं बघून पोराच्या खेळाप्रमाणे ठरवा. पुण्यात लाल मातीवर वाढलेल्या पोरांना हार्ड कोर्टवर पहिले दोन आठवडे चेंडू अंगावर येतो असं वाटतं, तेव्हा तेही हिशेबात धरा.

दुसरा नियम: दुहेरी सोडायची नाही. "एकेरीवर लक्ष द्यायचंय" म्हणणाऱ्या मुलांना मी वही दाखवते. एम-15 ची दुहेरी जिंकली तर जोडीला 930 डॉलर मिळतात, आणि एकेरीत लवकर हरलात तरी आठवडा फुकट जात नाही. पार्टनर मात्र आधी ठरवून ठेवा. आयत्या वेळी जो मिळतो तो का मिळाला हे दुसऱ्या सेटमध्ये कळतं.

गटिंग स्वतः शिकायचं. 200 मीटरचं रीळ घेतलं तर एका रॅकेटला बारा मीटर धरून सोळा रॅकेटी होतात. स्पर्धेच्या जागी दर वेळी मजुरी देत बसलात तर पहिल्या फेरीचे 156 डॉलर तिथेच संपतात. भावाने छोटं मशीन घेतलं आणि आता तो खोलीतल्या इतरांच्या रॅकेटीही करून देतो. एका दौऱ्यात त्याने बक्षिसापेक्षा गटिंगवर जास्त कमावले. ते मी वहीत वेगळ्या रंगाने लिहिलंय.

व्हिशाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण भारतीय पासपोर्टवर खेळणाऱ्याचं अर्धं करिअर तिथे अडकतं. जर्मन किंवा इटालियन मुलगा शुक्रवारी ठरवतो आणि रविवारी गाडीने पोचतो. आपल्याला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, हवा; त्याची फी 90 युरो, निर्णयाला सर्वसाधारण पंधरा दिवस आणि त्याआधी अपॉइंटमेंट मिळायची मारामार. एंट्रीची यादी लागते अठरा दिवस आधी. म्हणजे यादी हातात येईपर्यंत थांबलात तर व्हिसा मिळेपर्यंत स्पर्धा संपलेली असते. म्हणून उलटं करा. दोन-तीन महिने आधी कॅलेंडर बघून पूर्ण दौऱ्याचा तक्ता बनवा, आयोजकांना मेल करून निमंत्रणपत्र मागवा, आधीच्या स्पर्धांचे निकाल, रँकिंगचं पान, वडिलांचं बँक स्टेटमेंट आणि एआयटीएचं (अखिल भारतीय टेनिस संघटना) पत्र जोडा, आणि मल्टिपल एंट्री मागा. शिवाय 180 दिवसांत 90 च दिवस राहता येतं. हे दिवस मी कॅलेंडरवर हाताने खुणा करून मोजते. एकदा व्हिसा केंद्रातल्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "स्पर्धेत जिंकणार याचा पुरावा आहे का?" तो थट्टा करत होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

मग पैसे येतात कुठून? उन्हाळ्यात जर्मनीतल्या क्लबांच्या लीग असतात. मॅचमागे ठरलेले पैसे मिळतात, आणि बऱ्याचदा राहायची सोय क्लबच्या एखाद्या सभासदाच्या घरी होते. आमचं युरोपातलं गणित त्यावरच जुळतं. भारतात एम-15 किंवा त्याच्या वरच्या पायरीच्या एम-25 लागल्या की त्या सोडू नका. वाइल्ड कार्ड, म्हणजे नंबर पुरेसा नसला तरी आयोजकांनी दिलेला प्रवेश, मिळण्याची शक्यता आपल्याच देशात असते. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मिळत असेल तर आनंदाने घ्या, "मग खेळ मागे पडेल" असलं ऐकू नका. सुमित नागलने सप्टेंबर 2023 मध्ये सांगितलं होतं की त्याच्या खात्यात 900 युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एक नंबरचा एकेरी खेळाडू होता. इंडियन ऑइलचा पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत असूनही ही अवस्था. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने क्वालिफाइंग पार करून कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं आणि एका फटक्यात 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. पालक मला हा दुसरा भाग ऐकवतात. मी त्यांना पहिला ऐकवते.

एक गोष्ट पोराला विमानात बसवण्याआधी समोर बसवून सांगा. सट्ट्यात हरलेली माणसं इन्स्टाग्रामवर आईबहिणीवरून शिव्या देतात. मी बहीण आहे, मीही वाचलेत ते मेसेज. ते ब्लॉक करायचे आणि झोपायचं. पण "पहिला सेट सोड, इतके देतो" असा मेसेज आला तर तो पुसायचा नाही. स्क्रीनशॉट काढायचा आणि आयटीआयएला, म्हणजे टेनिसमधली फिक्सिंग तपासणाऱ्या संस्थेला, लगेच कळवायचं. पैसे घेतले नाहीत तरी न कळवणं हाच गुन्हा धरला जातो आणि बंदी येऊ शकते. भावाला असा मेसेज आला तेव्हा त्या आठवड्यात त्याच्याकडे परतीच्या तिकिटाचे पैसेही नव्हते. त्याने कळवलं. तिकीट मी काढलं, माझ्या दिवाळीच्या बोनसमधून.

आणि थांबायचं कधी, हे खेळायला सुरुवात करतानाच ठरवा. हरून आलेल्या रात्री ठरवू नका. आयटीएफने 2013 च्या आकड्यांवरून काढलं होतं की कोचचा खर्च न धरताही पुरुषांत साधारण 336 वा नंबर असला तरच बक्षिसातून खर्च भागतो, बायकांत 253 वा. एटीपीने 2024 पासून किमान कमाईची हमी दिली आहे, तीही पहिल्या 250 लाच. म्हणजे आमच्यासारख्यांनी किती वर्षं आणि किती रुपये हे आधी लिहून ठेवायचं. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर एक रक्कम लिहिली आहे आणि खाली तिघांच्या सह्या आहेत: बाबा, तो आणि मी. त्यातले सव्वादोन लाख उरलेत. पुढचा दौरा अंताल्याचा, चार आठवडे. खोलीत दुसरा कोण ते अजून ठरायचंय.