संकटात मॅनेजर लोक हमखास करतात त्या चुका, या टाळा

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे घाबरून खरेदी. मार्च 2020 मध्ये मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, परचेस बघायचो. 24 तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला, पण आमच्या मालकांना आठवडाभर आधीच कुणीतरी सांगितलेलं की आता पत्रा मिळणार नाही, मग काय, सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, जवळपास पूर्ण ओढून सीआर कॉइल, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्र्याच्या गुंडाळ्या, भरून ठेवल्या. मीपण मान डोलावली, खोटं कशाला बोलू. एप्रिलचं शेड्यूल, म्हणजे ग्राहक कंपनीची महिन्याची मागणी, शून्य आलं. अहो त्या महिन्यात मारुतीनेच देशात एक गाडी विकली नाही, आमचे ब्रॅकेट कोण घेणार? पावसाळ्यात कॉइलच्या कडा तांबूस झाल्या, वेढे उलगडले तर आतही गंजाचे ठिपके, निम्मा माल भंगारात गेला. पगाराला पैसे नव्हते म्हणून पोरं गावी गेली आणि परत आली ती दुसऱ्याच शॉपमध्ये. पत्रा नंतर मिळाला, चांगला डाय सेटर, म्हणजे प्रेसवर साचा बसवणारा कारागीर, नाही मिळाला. वर्षाच्या शेवटी पत्र्याचे भाव भडकले तेव्हा मालक म्हणाले, बघ, मी बरोबर होतो. तोवर भंगारवाला टेम्पो भरून गेला होता.

दुसरी, कर्जाच्या हप्त्याची सवलत म्हणजे माफी समजणं. रिझर्व्ह बँकेने 27 मार्चला हप्ते पुढे ढकलायला तीन महिने दिले, मग ऑगस्टअखेरपर्यंत वाढवले, पण व्याजाचं मीटर चालूच होतं ना. खरंच अडचण असेल तर घ्या, खात्यात पैसे पडून असताना घेणारे पण बघितलेत मी.

पगार सरसकट कापू नका, चांगली माणसं आधी जातात.

ग्राहकाला फोन करायला लाजू नका, उधारी मागितल्याने कुणी मरत नाही.

रात्री दहानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही ठरवू नका. आमची कॉइलची ऑर्डर तशीच गेली होती.

मी आता दर सोमवारी चहाच्या आधी अर्ध्या पानावर लिहितो, बँकेत किती, येणार किती आणि कुणाकडून, शनिवारपर्यंत द्यायचे किती. हाताने. नवीन पोरांना हे जुनाट वाटतं, त्यांना लगेच डॅशबोर्ड पाहिजे. एकाने मला चौदा टॅबची एक्सेल दाखवली, तीन सिनॅरिओ, रंगीत ग्राफ, सगळं झकास. बँक बॅलन्स कुठल्या टॅबमध्ये आहे विचारलं तर अकाउंट्सला फोन लावायला बाहेर गेला.