राखणीचा कुत्रा पाळताय? आधी या चुका टाळा

आंब्याच्या कलमांना मोहोर दिसू लागला की मला फोन सुरू होतात. "काका, पिल्लू पाच महिन्यांचं झालं, अजून कोणावर भुंकत नाय. वाया गेलं काय?" अजिबात नाही. पाच महिन्यांचं पिल्लू अनोळखी माणसाकडे शेपटी हलवत जात असेल तर देवापुढे नारळ फोडा. रॉटवायलर असो, डॉबरमन असो की जर्मन शेफर्ड, राखणीची खरी जाण दीड-दोन वर्षांनंतर येते. त्याआधी पानाच्या सळसळीवरही भुंकणारं पिल्लू शूर नसतं, घाबरलेलं असतं. हा फरक लोकांना कळत नाही आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडतं.

'कडक' करायला कोंडून ठेवणं

पावसच्या बाजूला आमच्या नात्यातल्या एकाची कलमांची बाग आहे. त्याने दिवाळीत दोन महिन्यांचं रॉटवायलर आणलं आणि मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, मागे साखळीने बांधलं. एकट्याने खायला घालायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, म्हणजे कुत्रा एकाचाच राहतो, असं त्याला कोणी तरी सांगितलेलं. मी दोनदा जाऊन समजावलं. पण त्याला घाई होती, आंबा निघायच्या आत राखणदार तयार हवा होता.

एप्रिलात एका रात्री भरलेले क्रेट चोरीला गेले. सकाळी कुत्रा मांगराच्या भिंतीला अंग चिकटवून, शेपटी पोटाखाली घेऊन बसलेला दिसला. पुढे गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं. नऊ वर्षांचा पुतण्या दुर्वा काढायला मांगराच्या मागे गेला. कुत्र्याला मागे सरायला जागा उरली नव्हती. त्याने पोराचा हात धरला. सात टाके पडले. चोर लांब होते म्हणून तो लपला, पोर अंगाशी आलं म्हणून चावला. दोन्ही वेळा आत भीतीच होती.

तीन ते साधारण चौदा आठवडे हा पिल्लाचा जग ओळखायचा काळ. अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत चौदा आठवडे माणसापासून दूर वाढवलेली पिल्लं पुढे रानटी जनावरासारखीच वागली, हे १९६१ साली प्रसिद्ध झालं आहे. म्हणजे दिवाळीत आठ आठवड्यांचं आणलेलं पिल्लू दत्तजयंतीच्या आत घडतं नाही तर बिघडतं.

माझी पद्धत साधी आहे. पिल्लू काखेत घ्यायचं आणि एसटी स्टँडवर, जेटीवर, देवळाकडे फिरवायचं. लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोडत नाही, पार्व्हो या रोगाने बघता बघता पिल्लं जातात. रोज एक नवा माणूस दाखवायचा: डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, रेनकोटातला वायरमन, काठी टेकत येणारे आजोबा, ओरडत पळणारी पोरं. लांबूनच बघू द्यायचं, उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, घरी यायचं. मोठं झाल्यावर पाहुणा बेड्यातून, म्हणजे फाटकातून, आत आला की माझा कुत्रा पडवीच्या पायरीवर माझ्याशेजारी बसतो. मी "या" म्हटलं की त्याला तेवढं पुरतं. रात्री कोणी गडगा ओलांडून आलं तर मात्र तो माझी वाट बघत नाही.

तो रॉटवायलर मी नंतर वर्षभर माझ्याकडे ठेवला. पडवीत निजू लागला, घरच्या सगळ्यांच्या हातचं खाऊ लागला. तरी मूल धावत आलं की त्याचं अंग अजून आखडतं. ते सहा आठवडे आता कुठून आणणार?

गुरगुरला म्हणून मारणं

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. तिच्यावर काठी बसली की कुत्रा सूचना देणं सोडतो आणि पुढच्या वेळी सरळ चावतो. शांत कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर मी आधी कान बघतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणात लोंबत्या कानांत घाण साचते, ठणका लागतो. मग गोचीड शोधायचे, पाय-कंबर चाचपायची. दुखण्यावर औषध लागतं, फटका नव्हे.

आणखी काही, थोडक्यात

आई न बघता पिल्लू घेऊ नका. आई माणूस दिसताच कोपऱ्यात दडत असेल तर पिल्लं कितीही गुबगुबीत असोत, मी परत फिरतो.

महिन्याभराचं पिल्लू तर नकोच. चावा किती हलका घ्यायचा हे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. आठ आठवडे थांबा.

जेवणात मिरची घातल्याने कुत्रा तिखट होत नाही, त्याचं पोट बिघडतं.

वाटसरूवर "छू" करून मजा बघू नका. पन्नास किलोचं जनावर आहे ते. हलगर्जीपणाबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तीन महिन्यांत हल्ला शिकवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ज्याला 'बस' आणि 'थांब' येत नाही त्याला 'धर' शिकवणं म्हणजे घरात विस्तव ठेवणं.

सेंट बर्नार्डसारखा दाट केसांचा कुत्रा मे महिन्यात किनाऱ्यावर नुसता धापा टाकतो.

रात्री खळ्यात साखळीला बांधू नका. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना काटेरी लोखंडी पट्टे घालतात आणि ते मोकळे असतात, तरी बिबट्याशी गाठ सोपी नसते. साखळीतला कुत्रा बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. माझा कुत्रा रात्री जाळीबंद पडवीत असतो, तिथून भुंकलेलं बागेच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि मग डॉक्टर सांगतील तशी न चुकता. तरीही कोणाला चावला तर हळद-चुना काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या पुतण्याच्या हातावर कोणी तरी मूठभर हळद दाबली होती. ती धुऊन काढताना पोर जेवढं रडलं तेवढं चावल्यावरही रडलं नव्हतं.