जुनं डाइव्ह वॉच घेताय? या चुका टाळा

जुनं डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली वापरायला बनवलेलं घड्याळ, घेण्याआधी लोक पाठवतात तो डायलचा एक फोटो आणि खाली प्रश्न: 'ओरिजिनल आहे ना?' सोबत हमखास 'लवकर सांगा, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय'. एका फोटोवरून जो ठामपणे 'हो' म्हणतो, त्याचा सल्ला घेऊ नका. आणि दुसरा गिऱ्हाईक खरंच थांबला असेल, तर त्याला घेऊ द्या. साठ-सत्तरच्या दशकातलं घड्याळ आणखी चार दिवसांनी पाहिलं म्हणून काही बिघडत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते ल्यूमला, म्हणजे डायल-काट्यांवरच्या अंधारात चमकणाऱ्या लेपाला. अंधारात डायल छान चमकते, म्हणजे घड्याळ 'जपलेलं' आहे, असा समज. खरं तर नेमकं उलटं आहे. साठच्या दशकापासून १९९८च्या आसपासपर्यंत बहुतेक स्विस डाइव्ह वॉचच्या ल्यूममध्ये ट्रिशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असायचा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, साधारण १२.३ वर्षं. म्हणजे ५० वर्षांत ते जेमतेम ६ टक्के उरतं, आणि त्याच्यासोबत चमकणारी पूडही थकते. अशी डायल रात्री वाचता येत नाही, आणि ती न वाचता येणं हेच बरोबर आहे.

एका मित्राने ओमेगा सीमास्टर ३०० आणलं, मॉडेल १६५.०२४. विकणाऱ्याने १९६७चं सांगितलं होतं. डायलवर सहाच्या खाली ट्रिशियमची खूण असलेली 'टी' अक्षरं, खुणांवर सुरेख मधाळ रंग. वाद न घालता आम्ही खोलीतला दिवा घालवला, अतिनील टॉर्च काही क्षण धरला आणि बंद केला. जुनं ट्रिशियम अशा वेळी उजळतं आणि लगेच विझतं. ही डायल मात्र हिरवीगार तेवत राहिली, आणि काट्यांचा हिरवा डायलच्या हिरव्यापेक्षा वेगळा. म्हणजे दोन्हीकडे नंतरच्या काळातलं ल्यूम, तेही वेगवेगळं, आणि वर जुनेपणाचा रंग चढवलेला. मित्र म्हणाला, "अरे, लॉकरमध्ये होतं, म्हणून टिकलंय." ट्रिशियम लॉकरमध्येही त्याच वेगाने संपतं.

मग घड्याळजीने मागचं झाकण उघडलं. आत कॅलिबर ५५२ (ओमेगाच्या मशीनचं मॉडेल), अगदी अस्सल. मित्राचा चेहरा खुलला: "मशीन तर कंपनीचंच आहे!" पण ५५२ हे मशीन ओमेगाने कितीतरी साध्या घड्याळांतही बसवलं होतं. मित्राने मशीनवरचा नंबर देऊन कंपनीच्या दफ्तरातला उतारा मागवला. उत्तर आलं: हे मशीन कारखान्यातून बाहेर पडलं ते एका साध्या ड्रेस वॉचमध्ये. पैसे परत मिळाले नाहीत, कारण परतीची अट लेखी नव्हती.

तेव्हा 'अस्सल पार्ट आहेत' या वाक्यावर भुलू नका. सगळे पार्ट अस्सल असूनही घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं असू शकतं. मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते घेतलं होतं ओमेगाच्याच संग्रहालयासाठी. २०२३मध्ये ते इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेलं असल्याचं उघड झालं.

माझी सवय अशी: कागदावर केस (बाहेरचा धातूचा सांगाडा), मशीन, डायल, काटे, बेझल (काचेभोवतीचं कडं), क्राउन (चावीची गुंडी) असं लिहायचं आणि प्रत्येकापुढे तो भाग कोणत्या काळातला वाटतो ते मांडायचं. किंमत विचारायची ती त्यानंतर. सेको ६१०५-८११० घ्या. मागच्या झाकणावरच्या सिरियलमधला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. हे मॉडेल सत्तरच्या दशकातलं, म्हणून ४७ने सुरुवात म्हणजे जुलै १९७४. सेकोने 'वॉटर प्रूफ' लिहिणं सोडून 'वॉटर रेझिस्ट' सुरू केलं ते १९७०च्या सुमारास. मग १९७४च्या झाकणासोबत 'प्रूफ' लिहिलेली डायल आली कुठून? रोलेक्सच्या जुन्या सबमरीनरमध्ये मॉडेल नंबर बारा वाजताच्या बाजूला आणि सिरियल सहाच्या बाजूला, पट्टा धरणाऱ्या कानांच्या मध्ये असतो. पट्टा काढल्याशिवाय तो दिसत नाही. पट्टा काढून दाखवायला का-कू करणाऱ्याला मी तिथेच नमस्कार करतो.

सर्व्हिसमध्ये बदललेल्या डायलवरून संग्राहकांत कायम जुंपते. माझं मत सांगतो: कंपनीनेच बदललेली डायल खोटी नव्हे, घड्याळ वापरायचं असेल तर उत्तमच. फक्त विकणाऱ्याने ते आधी सांगावं आणि किंमत तशी लावावी.

पॉलिश. याबद्दल मला खरंच राग येतो. घड्याळ हातात आलं की पहिल्याच आठवड्यात 'जरा चकचकीत करून घेतो'. जुन्या केसच्या कानांवर कडेने एक बारीक तिरकी धार असते, तिच्यावर उजेड सरळ रेषेत धावतो. बफिंगचं चाक दोनदा फिरलं की ती धार साबणाच्या वडीसारखी गोल होते. गेलेला धातू परत येत नाही. लेझर वेल्डिंगने भर घालून धार पुन्हा काढणारे कसबी आहेत, पण ती मूळची धार नव्हे. ओरखडे राहू द्या. सर्व्हिसला देताना 'पॉलिश करू नये' हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं कारागिरापर्यंत पोहोचत नाही.

डायलवर २०० मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका. तो आकडा नव्या गास्केटचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांचा होता. डाइव्ह वॉचचं आयएसओ ६४२५ हे मानकसुद्धा १९८२चं, तुमचं घड्याळ त्याच्याही आधीचं असेल. गास्केट बदलून दाबाची चाचणी झाली तरी मी जुनं घड्याळ पाण्यापासून लांबच ठेवतो.

पन्नासच्या दशकातलं घड्याळ घरी उघडू नका. त्याच्या ल्यूममध्ये रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे. ती पूड श्वासात जाणं घातक.

फिकट पडलेल्या बेझलला जास्त पैसे मोजू नका. ब्लीचमध्ये बुडवूनही तो रंग आणतात.

'आधी ब्लांपांचं फिफ्टी फॅदम्स आलं की रोलेक्सचं सबमरीनर' हा १९५३चा वाद जरूर घाला, मलाही आवडतो. पण त्यावरून तुमच्या हातातलं घड्याळ खरं ठरत नाही.

आणि डबा-कागद सोबत आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. रिकामे डबे आणि जुनी कागदपत्रं सुटी विकली जातात. कागदावरचा नंबर आणि केसवरचा नंबर भिंगाखाली शेजारी-शेजारी धरून, एकेक आकडा मोठ्याने वाचून जुळवा.