'फायनल नवीन २' ही फाइल नक्की कुणाची?

तीन देशांतल्या चार गटांचा डेटा सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका तापमानाच्या फाइलच्या सात प्रती सापडल्या. एकीच्या नावात 'फायनल', दुसरीच्या 'फायनल नवीन'. खरी कोणती, ते पाठवणाऱ्यालाही सांगता येईना. म्हणून आता पहिला नियम: मूळ डेटाला घर एकच.

घर म्हणजे एका सर्व्हरवरचा कच्च्या डेटाचा फोल्डर. फाइल तिथे आली की तिच्यात बदल करायची परवानगी मी काढून घेते, स्वतःचीसुद्धा. चूक दिसली तरी मूळ फाइल तशीच राहते. दुरुस्त प्रत वेगळ्या फोल्डरात, आणि दुरुस्ती करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तिच्या शेजारी. लोक सुरुवातीला कुरकुरतात. कुरकुरू द्या.

पाठवण्याआधी फाइलचा शा-२५६ चेकसम काढा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा, जरा बदल झाला तरी बदलणारा ठसा. पोहोचल्यावर पुन्हा काढा. दोन्ही जुळेपर्यंत पाठवणाऱ्याने आपली प्रत पुसायची नाही. आमची एक मोठी सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) वाटेत तुटली होती. उघडत होती, आलेखही छान येत होते. फक्त शेवटचे अकरा दिवस गायब होते, आणि ते कळायला दोन महिने गेले.

आकारमानाचा हिशेब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर १ टेराबाइट जायला सुमारे २२ तास लागतात, तेही ती पूर्ण मोकळी असेल तर. म्हणून तुटलं तिथून पुढे सुरू करणारं साधन हवं: आरसिंक किंवा ग्लोबस. फारच मोठा डेटा असेल तर सरळ डिस्क पाठवा, त्यात कमीपणा नाही. कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेसाठी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने (जगभरच्या रेडिओ दुर्बिणींचं जाळं) २०१७ मध्ये घेतलेला डेटा डिस्कवरूनच नेला. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून होत्या.

खरी डोकेदुखी मात्र रीडमी फाइलची, म्हणजे डेटासोबतच्या माहितीपत्रकाची. प्रत्येक रकान्याचं एकक, उपकरण, वेळ कुठली (आम्ही फक्त यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ वापरतो) आणि रिकाम्या नोंदीची खूण, हे सगळं तिच्यात लिहा. एका गटाची खूण होती -९९९. दुसऱ्या गटाने ती सरासरीत धरली. तारीख २०२३-०४-०३ अशीच लिहा, कारण ०३/०४ म्हणजे एकाला मार्च, दुसऱ्याला एप्रिल. एक्सेलवर तर अजिबात विसंबू नका. ते काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीला ती नावंच बदलल्याचं जाहीर करावं लागलं.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. शिवाय दर तीन महिन्यांनी मी एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून तिचा चेकसम ताडून बघते. पहिल्यांदा हे केलं, तेव्हा बॅकअपचा फोल्डरच रिकामा निघाला होता.